चौकोनी नावांचा मेळावा

आमच्या नंदनवन वस्तीत कुणाचाही कॉम्प्युटर अडला की आधी माझं, म्हणजे रोहितचं नाव निघतं. निदान मी तरी सगळ्यांना तसं सांगून ठेवलंय! म्हणून समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या आदल्या दिवशी अध्यक्ष नानाजींच्या मुलीचा, हर्षाचा फोन आला, तेव्हा मी छाती फुगवूनच समाजभवनात शिरलो.

भानगड अशी होती. हर्षानं मुलांचे फोटो एका फोल्डरात आणि बायोडेटा दुसऱ्यात, मराठी नावं देऊन, भवनाच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवले होते. तिच्या लॅपटॉपवर नावं चकाचक दिसत होती. पण हॉलमधल्या मोठ्या पडद्याला जोडलेल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर नावांच्या जागी नुसते चौकोन! टिचकी मारली की म्हणे, फाइल सापडत नाही.

"दादा, हे तं उघडूनच नाही राहिलं!"

"याले मराठी पचत नाही. दोन्हीकडे नंबर देऊन टाकतो. एक नंबरच्या फोटोखाली एक नंबरचा बायोडेटा. चुटकीचं काम!"

"एकदा पाहून घेशील नं?"

"मले शिकवतं का वं?"

तिच्या लॅपटॉपवर दोन्ही फोल्डर नावांप्रमाणे लावले, सगळं एकदम निवडलं आणि दणादण नंबर ठोकले.

या कामात माझाही स्वार्थ होता. मीही त्या मुलांपैकीच एक. दोन मेळावे झाले, एक फोन आला नाही! दोष आईच्या रटाळ बायोडेट्याचा, हे माझं ठाम मत. आईनं यंदाही तोच दिला आणि वर बजावलं, "या खेपेले नाही जमलं तं मी फॉर्म भरत नाही. तुयं तू पाह्य!"

आमच्या मेळाव्याला फक्त आईबाप येतात, मुलं पडद्यावरच दिसतात. हॉल खच्चून भरला. नानाजींनी नारळ फोडला, मी बटण दाबलं आणि पडद्यावर साक्षात गणपती आला!

सगळ्यांचे हात जुळले. खाली मजकूर होता: 'अंकुर, कामठी. एकुलता एक. वाहन स्वतःचं.'

पहिल्या रांगेतल्या सिंधूताई म्हणाल्या, "एकुलता कसा वं? याले तं भाऊ आहे!"

घोळ माझ्या लक्षात आला. नानाजी गणपतीशिवाय कोणतंही काम सुरू करत नाहीत. त्यांच्या हुकमावरून हर्षानं फोटोंच्या फोल्डरात, नावाआधी शून्य टाकून, सगळ्यांच्या वर गणपती बसवला होता. एक नंबर त्यानं घेतला आणि प्रत्येक मुलाचा फोटो पुढच्याच्या बायोडेट्यावर सरकला!

मी बंद करायला धावलो. नानाजींनी मनगट धरलं. "काय करून राहिला गा?"

"नानाजी, मुंडकी बदलली सगळ्याइची!"

"गणपती पहिले आला. आता मधात थांबवलं तं अपशकुन होते! मंग सांगू माइकवर."

बायोडेटे सरकत राहिले. माझा आला. त्यावर फोटो रुपरावजींचा! पंचेचाळीस वर्षांचे, पुनर्विवाहासाठी आलेले, डोक्यावरची कौलं उडालेली. त्यामागून खाप्याचा संजीव. सरकारी नोकरी, संत्र्याचा बगिचा. दरवर्षी त्याच्या बापाचा फोन थंड होत नाही. त्याच्या बायोडेट्यावर मी! नवाकोरा शर्ट घालून, हसत.

शेवटी नानाजी माइकवर म्हणाले, "जेवण तयार आहे, आणि फोटोत थोडी गडबड झाली." 'जेवण' ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतंय?

पंगतीतच आईचा फोन वाजला. मग वाजतच राहिला. "मुलगा वयाच्या मानानं पोक्त वाटते, पण चेहरा काय शांत आहे हो!" आई बिचारी इमानदार. प्रत्येकाला खुलासा करून माझा खरा फोटो पाठवत गेली. तो गेला की पलीकडे शुकशुकाट.

शेजारी संजीवचे वडील फोन झटकून पाहत होते. "रेंज नाही का गा इथं? यंदा एकही फोन नाही!"

मी वरणात बोट फिरवत बसलो. आईनं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"काहून गा रोहित, बायोडेटा तं तोच होता नं?"

पुढच्या वर्षासाठी मी रुपरावजींना त्यांचा फोटो उसना मागितला आहे. ते म्हणतात, "देतो, पण तुया फोटो माया बायोडेट्यावर नको लावू."