घडीचे लपण : निवड, वापर आणि ऑर्विल कुबियाक

हरणाला माणूस दिसता कामा नये, ही शिकारीची पहिली अट आहे. माणसाला माणूस दिसलाच पाहिजे, ही दुसरी. पहिली अट हरणांनी घातलेली आहे आणि दुसरी सरकारने. दोन्ही पक्ष हट्टी असल्यामुळे कुठलीच शिथिल होत नाही. म्हणून उत्तर विस्कॉन्सिनमधला सुजाण शिकारी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अंगात भडक नारिंगी जाकीट घालतो, डोक्यावर भडक नारिंगी टोपी चढवतो, आणि हे सगळं झाकलं जावं म्हणून पाचोळ्याच्या रंगाच्या एका चौकोनी तंबूत जाऊन बसतो. या तंबूला लपण म्हणतात. आत माणूस आहे हे बाकीच्यांना कळावं, म्हणून लपणाच्या डोक्यावर पुन्हा एक भडक नारिंगी फडकं बांधण्याचा आमच्याकडे नियम आहे. सगळीकडून विचार केलेली अशी व्यवस्था क्वचितच पाहायला मिळते.

टॅमरॅक गावच्या ऑर्विल कुबियाकने एकसष्टाव्या वर्षी असं एक घडीचं लपण विकत घेतलं. त्याआधी तो मचाणावर बसत असे. मचाण त्याच्या वडिलांनी बांधलेलं, कुबियाकांच्या चाळीस एकर रानात, एका जुन्या ओकावर. चौदा पायऱ्या. कुबियाकांच्या शिकारीच्या कॅम्पमध्ये त्या जागेला आजही वडिलांच्या नावाने ‘स्टॅनचा ओक’ म्हणतात, आणि स्टॅन जाऊन वीस वर्षं झाली तरी तिथे त्याचा मुलगाच बसतो, दुसऱ्या कोणी बसायचं नाही, असा रिवाज होता.

होता म्हणायचं कारण असं की ऑर्विलने चार वर्षांत त्या ओकाखालून हरणाची एक शेपटीसुद्धा आणली नव्हती. गेल्या हंगामाच्या शेवटी अँब्रोझकाकाने, म्हणजे स्टॅनच्या धाकट्या भावाने, चुलीत लाकूड सारता सारता निर्णय देऊन टाकला. "आता आणखी एक वर्ष. नाही मिळालं तर ओक व्हर्नाला. आणि तू माझ्या हाताखाली ये, बटाटे सोलायला."

कॅम्पमध्ये स्वयंपाकखात्याचा कार्यभार ज्याचे शिकारीचे दिवस संपले त्याच्याकडे जातो. आजवर तिघांनी तो सांभाळला. पहिले दोघं पदावर असतानाच वारले, आणि तिसरा, एक्याऐंशी वर्षांचा अँब्रोझकाका, कोणी मदतनीस मिळतो का याच्या शोधात होता. ऑर्विलला वर्षभर बटाटे स्वप्नात आले. बापाची जागा आपल्या हयातीत आपल्या हातून जाणार, आणि तीही थोरल्या बहिणीकडे, व्हर्नाकडे, या विचाराने तो पार खचला होता.

खरं कारण त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. ते त्याच्या डाव्या गुडघ्यात होतं. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून, क्लच दाबून दाबून गुडघ्याचा भुगा झाला होता, आणि चौदापैकी पाचव्या पायरीनंतर तो ऐकत नसे. चार वर्षं ऑर्विल पहाटे सगळ्यांदेखत ताठ चालत मचाणाकडे जाई आणि खाली बुंध्याला टेकून बसे. हरणं येत, त्याला बघत, आणि आपल्या कामाला निघून जात. बायको डोलोरेस हिलासुद्धा त्याने पत्ता लागू दिला नव्हता. निदान त्याची तशी समजूत होती.

आता लपण जमिनीवर असतं. त्याला पायऱ्या नसतात. म्हणजे गुडघ्याचं नावही न घेता, नवा डावपेच म्हणून, रुबाबात खाली उतरता येत होतं. "मचाण जुनं झालं," तो शुक्रवारी खानावळीत तळलेले मासे खाता खाता सांगू लागला. "हल्ली सगळे जाणकार जमिनीवरूनच मारतात." त्याच टेबलावर केलेल्या पाहणीनुसार लपण घेणाऱ्या दर दहा जाणकारांपैकी सातांचा गुडघा, दोघांची कंबर आणि एकाची बायको हे कारण असतं. (प्रस्तुत लेखकाची कंबर.)

निवडीचे निकष पुढीलप्रमाणे. खिडक्या आवाज न करता उघडल्या पाहिजेत. चेन नको, चिकटपट्टी तर नकोच, फक्त आकडे. आतून कापड काळंकुळकुळीत हवं. खुर्ची न करकरणारी हवी. तीन माणसांचं म्हणून विकलं जाणारं लपण एक माणूस, त्याची खुर्ची आणि त्याचा जेवणाचा डबा यांना पुरतं. दोन माणसांचं घेतलं तर डबा बाहेर ठेवावा लागतो. दुकानातल्या विक्रेत्याने ऑर्विलला एका लपणात बसवलं, बाहेर जाऊन चारही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही आत आहात असं वाटतच नाही." बसमधली पोरं एकतीस वर्षं याच अर्थाचं बोलत होती, पण कौतुकाच्या सुरात ते ऑर्विल पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने लगेच घेऊन टाकलं.

घडीचं लपण उघडणं अत्यंत सोपं आहे. पिशवीतून काढायचं, पाच दोऱ्या ओढायच्या, की पाच बाजू फटाफट बाहेर येतात. ऑर्विलने हे दिवाणखान्यात करून पाहिलं. चौथ्या दोरीला दिवा गेला, पाचवीला डोलोरेसच्या आईचा फोटो.

"अगं, मोजमाप बघत होतो," तो आतून म्हणाला.

"बघ बघ," डोलोरेस म्हणाली. "आता ते घडी करून बाहेर ने, आणि तूही जा बरोबर."

घडी करण्याविषयी माहितीपुस्तकात बारा चित्रं आहेत. सहाव्या चित्रापर्यंत लपण माणसाच्या हातात आहे. सातव्यात ते घडी झालेलं आहे आणि माणूस हसतो आहे. सहा आणि सात यांच्या मधे काय घडतं, याची नोंद कुठेही नाही. ऑर्विलने दोन दिवस प्रयत्न केले, एकदा गुडघ्याने दाबूनही पाहिलं आणि त्याचं फळ भोगलं. (प्रस्तुत लेखकाकडे अशी दोन लपणं आहेत. दोन्ही उभीच आहेत.) शेवटी त्याने ते तसंच्या तसं मागच्या दाराने, दाराची चौकट थोडी खरवडून, परसात नेऊन ठेवलं.

हे एका परीने बरंच झालं. कारण माहितीपुस्तकात म्हटलेलं आहे की लपण हंगामाच्या तीन आठवडे आधी उभारून ठेवावं. नव्या कापडाचा वास जातो आणि हरणांना त्याची सवय होते. परसात सफरचंदाची दोन झाडं होती. पहिल्या आठवड्यात हरणं लांबून पाहून गेली. दुसऱ्या आठवड्यात ती लपणाभोवती सफरचंदं खाऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात एक मादी वाऱ्याच्या आडोशाला त्याला पाठ टेकून रवंथ करत बसू लागली. हरणांना पूर्ण सवय झाली होती. परस गावाच्या हद्दीत असल्यामुळे तिथे बंदूक चालवायला मनाई होती, एवढीच काय ती उणीव राहिली.

हंगामाच्या आदल्या दिवशी ते रानात, ओकाखाली हलवायचं ठरलं. घडी होत नव्हती, म्हणून ऑर्विलने ते गाडीच्या मागे उभंच बांधलं आणि गावातून बैलगाडीच्या वेगाने नेलं. सबंध टॅमरॅकने ते पाहिलं. चौकात व्हर्ना भेटली.

"काय रे ऑर्वी, घर बदललंस?"

"हसून घे. उद्या बघ."

"उद्या बघतेच की. ह्यात तू दिसलास तर हात करीन."

व्हर्ना सहासष्ट वर्षांची. तिचं शिकारीचं साहित्य म्हणजे एक बंदूक आणि एक पालथी बादली. बादलीवर ती बसते. बादलीला खिडक्या नसतात, सवय लावावी लागत नाही आणि घडीचा प्रश्नच येत नाही. तरीही तिला दर वर्षी हरीण मिळतं. याला आमच्याकडे निव्वळ नशीब समजतात.

आता शेवटचं काम उरलं : लपण रानात मिसळून जावं म्हणून त्याला आसपासच्या फांद्या बांधणं. ओकाची पानं गळून गेलेली. ऑर्विलने ओढ्याकाठच्या सीडरच्या हिरव्यागार, दाट, वासाच्या फांद्या तोडून आणल्या आणि अर्धा दिवस खपून लपण असं सजवलं की खुद्द त्याला दार सापडेना. थंडीच्या दिवसांत हरणांना सगळ्यात जास्त आवडणारा खाऊ म्हणजे सीडर, हे टॅमरॅकमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. ऑर्विलनेही ते शेकडो वेळा ऐकलं होतं. पण फांदी तोडताना माणसाच्या डोक्यात सजावट असते, हरीण नसतं.

पहिल्या सकाळी तो उजाडायच्या आत जाऊन बसला. मागची खिडकी नियमाप्रमाणे बंद, पुढची चार बोटं उघडी. साडेआठच्या सुमारास पाठीमागे काहीतरी कुरकुरलं. मग ओढल्यासारखं झालं. मग कापड हललं आणि त्याच्या मानेपासून हातभर अंतरावर, कापडापलीकडे, कोणीतरी समाधानाने चावू लागलं.

ऑर्विलने श्वास धरला. कापडावर शिंगं घासल्याचा आवाज आला. मोठा नर होता! चार वर्षांत इतक्या जवळ काही आलं नव्हतं. छाती अशी धडधडत होती की तीच ऐकू जाईल अशी त्याला भीती वाटली. मागच्या खिडकीला आवाज न करणारे आकडे होते. खुर्ची न करकरणारी होती. बूट मऊ होते, जाकीट सळसळत नव्हतं. फक्त उठून, वळून, खिडकी चार बोटं उघडायची होती. बाबा असते तर एव्हाना झालंही असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि तो उठला.

गुडघा कडकन वाजला.

बाहेरचं चावणं थांबलं. मग पाचोळा तुडवत काहीतरी भरधाव गेलं, आणि ऑर्विल अर्धा उठलेला, अर्धा वळलेला, एका हाताने खुर्ची धरून तसाच अडकून राहिला. गुडघा ना पुढे जाईना ना मागे. एवढ्यात तीनशे पावलांवरून, बादलीच्या दिशेने, बंदुकीचा एकच बार झाला.

रडावंसं वाटलं त्याला. थोडं रडलाही. लपण त्याही कामासाठी उत्तम आहे.

दुपारी तो कॅम्पच्या खोपटावर आला तेव्हा व्हर्नाचं हरीण झाडाला टांगलेलं होतं. त्याच्या दातांत सीडर अडकला होता. ऑर्विलने आत जाऊन वाऱ्याच्या दिशेविषयी, खिडक्यांच्या रचनेविषयी आणि एकंदर कापडाविषयी सविस्तर निवेदन केलं. अँब्रोझकाका बटाटे सोलत ऐकत होता.

"झालं?" तो म्हणाला. "बस. पाय लांब करून बस."

"पायाला काय झालंय?"

"डाव्या," व्हर्ना म्हणाली.

"डाव्याला काही झालेलं नाही!"

"चार वर्षं झाली, ऑर्वी. ओकाच्या बुंध्याशी तुझ्या बुडाची खळगी पडलीय. त्यात आता पाणी साठतं."

काकाने सुरी खाली ठेवली, फळीवरच्या कॉफीच्या डब्यामागे हात घातला आणि मलमाची एक ट्यूब काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. ट्यूब जुनी होती, पण उघडलेली नव्हती.

"डोलोरेसने दिलीय. पहिल्याच वर्षी. म्हणाली, तो मागेल तेव्हा द्या, आपण होऊन देऊ नका, त्याला आवडणार नाही."

"मग हरणाची अट कशाला घातली, काका?"

"अरे, मग काय गुडघ्याची घालायची होती? तुझा बाप असता तर त्याने सरळ ओरडून खाली उतरवला असता तुला. मला नाही जमत. आता घे ती दुसरी सुरी. आणि साल पातळ काढ."

साल त्याने पातळ काढली.

सुज्ञ वाचकाला इथे ऑर्विलची कीव आली असेल, आणि थोडं हसूही. दोन्ही योग्यच आहे. वाचक स्वतः फार शहाणा आहे. त्याने आपली जी काय गोष्ट आहे, म्हणजे ऐकू येत नाही ती, किंवा जमत नाही ती, किंवा हल्ली नावं आठवत नाहीत ती, ती घरच्यांपासून आणि कचेरीतल्या लोकांपासून अगदी शिताफीने झाकून ठेवलेली आहे. कोणी विचारत नाही, म्हणजे कोणाला ठाऊक नाही, हा त्याचा हिशोबही बरोबर आहे. तो तसाच चालू द्यावा. घरच्यांचं आपसांत बोलणं होऊन गेलेलंच आहे. तुमच्यासाठी कुठल्या हरणाचं निमित्त काढायचं, एवढंच ठरायचं आहे.