मदतनीसावर पहारा

"तू फक्त टाईप कर. मदतनीस पडला तर त्याला उभा करायला मी बसलोय!" असं बायकोला छातीठोकपणे सांगून तज्ज्ञ आतल्या खोलीत गेले. 'तज्ज्ञ' हे त्यांना सासरी मिळालेलं नाव. सासूबाईंचा फोन एकदा त्यांनी बंद करून परत चालू केला होता आणि तो खरंच चालला होता, एवढ्यावर!

बायको बाहेर जेवणाच्या टेबलावर वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करत होती. पाचच्या आत ते कंपनीला पोचलं नाही, तर पुढचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. अडचण एकच. ती ज्या एडिटरमध्ये लिहायची, त्याच्या मागे शुद्धलेखन तपासणारा एक छोटा प्रोग्राम चालायचा. तोच हा मदतनीस. मजकूर लांबला की तो मान टाकायचा आणि त्याच्यापायी एडिटरही घटकाभर गोठायचा. म्हणून तज्ज्ञांनी तिच्या कॉम्प्युटरवर दुसरा एक प्रोग्राम पहाऱ्याला बसवला. मदतनीस बंद दिसला रे दिसला की पहारेकरी त्याला चालू करणार आणि तशी वर्दी आतल्या खोलीत देणार.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग वर्द्यांची रांगच लागली. बंद, चालू. बंद, चालू. तज्ज्ञांनी नीट पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. मदतनीस आपणहून पडत नव्हता, कुणीतरी त्याला मुद्दाम बंद करत होतं!

"कसं चाललंय गं?" त्यांनी आतूनच ओरडून विचारलं.

"आत्ता एक शब्द बोलू नकोस माझ्याशी!"

बिचारी कामात आहे, असं समजून तज्ज्ञांनी एकट्यानंच लढायचं ठरवलं. पहारा आणखी कडक केला. समोरचाही हट्टाला पेटला. शेवटी पाच वाजत आले तेव्हा तज्ज्ञांनी सरळ इंटरनेटची वायर उपटली.

"नेट गेलं!" बायको दारात.

"गेलं नाही, मी काढलं! बाहेरून कुणीतरी आपल्या मदतनीसाला मारतंय!"

"बाहेरून कोण? मी मारतेय त्याला! दुपारपासून बंद करतेय, तर मेला परत उठतो आणि पहिल्या पानापासून तपासत सुटतो. एडिटर जागचा हलत नाही!"

"पण तू कशाला बंद करतेस?"

"चालूच नसला तर पडेल कशाला?"

उपाय बिनतोड होता. तज्ज्ञांनी पहारेकऱ्याला रजा दिली आणि वायर जोडली. राउटरचा दिवा लालच! "लाग की रे बाबा," म्हणत दोघं त्याच्यापुढे उकिडवी बसली. तो हिरवा झाला आणि अगदी शेवटच्या क्षणी भाषांतर गेलं. तज्ज्ञांना स्वतःचीच लाज वाटली.

तासाभरानं कंपनीतल्या बाईंचं उत्तर आलं. बायकोनं मोठ्यानं वाचलं, "काम वेळेत मिळालं. पुढची पुस्तिकाही तुम्हीच करा."

तिचा चेहरा उजळला. मग पुढचं तिनं मनातच वाचलं. तज्ज्ञांनी तिच्या खांद्यावरून वाकून पुढची ओळ वाचली : 'मात्र पाठवण्याआधी शुद्धलेखन एकदा तपासून घेत जा.'

तज्ज्ञांनी तोंड उघडलं. बायकोनं नुसतं वर बघितलं.

"चहा टाकू का?" तज्ज्ञ म्हणाले.