भानुदास आजोबांची स्लोव्हेनियाची रंगीत तालीम

मुलांनो, डोळे मिटा पाहू! मिटलेत? मग पुढचं वाक्य वाचणार कसं? उघडा, उघडा! उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा.

जपानमधल्या तोक्यो शहराचा, खाडीकडचा एदोगावा भाग. तिथली हिगाशी-कसाई ही वस्ती. एका इमारतीतल्या छोट्याशा खोलीत भिंतीवर युरोपचा नकाशा टांगलाय. नकाशापुढे हातात पट्टी घेऊन भानुदास आजोबा उभे आहेत, आणि समोर दोन विद्यार्थिनी. एक नऊ वर्षांची नात आर्या, आणि दुसरी, मटार सोलत बसलेली सुहासिनी आजी.

"स्लोव्हेनिया!" आजोबांनी नकाशावर पट्टी टेकवली. "पुणे जिल्ह्याहून जरासा मोठा देश. पण देश लहान म्हणून तयारी लहान करायची नाही! जुन्या गावातले रस्ते दगडी आहेत. बॅगेची चाकं कच्ची असली तर ती पहिल्याच गल्लीत राजीनामा देतात. पोस्तोयनाच्या गुहेत उन्हाळ्यातही गारठा असतो, म्हणून कोट हवाच. नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं. विजेच्या प्लगला दोन गोल पाय. आणि डोंगरातला पाऊस? तो तुमच्या आजीसारखा. आत्ता शांत, आत्ता..."

"आत्ता काय?" मटाराची शेंग हवेतच थांबली.

"आत्ता प्रसन्न!" आजोबांनी पट्टी खाली घेतली.

आजोबांनी साताऱ्याच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला होता. युरोपातल्या सगळ्या राजधान्या त्यांना झोपेतही पाठ होत्या, फक्त एकही पाहिलेली नव्हती. आता ज्यांच्याकडे ते राहायला आले होते, ती लेक प्रणिता आणि जावई अंबरीष, म्हणजे आर्याचे आई-बाबा, सगळ्यांना मे महिन्याच्या सुट्टीत स्लोव्हेनियाला नेणार होते. पण टूर कंपनीबरोबर! आणि कंपनीची बस ब्लेड नावाच्या सरोवराशी थांबणार ती फक्त फोटोपुरती. आर्याला तर होडीत बसून सरोवरातल्या बेटावर जायचं होतं, तिथल्या चर्चमधली घंटा वाजवायची होती.

"मी नेतो सगळ्यांना!" आजोबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही परवा दुधाला गेलात आणि पोलीस चौकीतून परत आलात," प्रणिता म्हणाली.

"तिथे ओळखपाळख करायला गेलो होतो!"

शेवटी तोडगा निघाला. शनिवारी रंगीत तालीम! प्रणिता आणि अंबरीष बाजारात जाणार. आजोबांनी आजीला आणि आर्याला घेऊन, सगळ्या सामानासकट, खाडीकाठच्या बागेपर्यंत जाऊन यायचं. गडबड न होता परत आले, तर पुढारी आजोबा आणि होडी नक्की. गडबड झाली, तर टूर कंपनी!

शनिवार उजाडला. आजोबांनी शिट्टी फुंकली.

"आर्या, कोट! गुहा गार असते."

"आजोबा, बाहेर ऊन आहे."

"स्लोव्हेनियात आहेस तू! आणि डोक्याला काय? गुहेचं छत बुटकं असतं."

आर्याने शाळेतून धुवायला आणलेली जाड कापडी टोपी शोधून काढली. जपानी शाळेत प्रत्येक मुलाच्या खुर्चीला अशी टोपी अडकवलेली असते. भूकंप झाला की डोक्यावर घालायची. आजोबांना ती फारच पसंत पडली.

"आणि एक. परत येईपर्यंत तुझं बोलणं बंद, जपानीही आणि मराठीही! तिकडे कुणाला या भाषा येतात? एक शब्द बोललीस की तालीम नापास!"

आर्याने ओठ असे घट्ट मिटले, जणू तोंडात लिमलेटची गोळी आहे.

घर सोडतानाही आजोबांनी शिस्तीत काम केलं. दिवे बंद, खिडक्या बंद. व्हरांड्यातल्या पेटीतला गॅसचा मुख्य नळही त्यांनी पिळून बंद केला. नेमक्या त्याच वेळी शेजारचं दार उघडलं आणि होशिनो-सान, म्हणजे होशिनोबाई, बाहेर आल्या.

आता मुलांनो, जरा गंमत बाजूला ठेवा. हे २०१२ साल. जपानमधल्या त्या फार मोठ्या भूकंपाला जेमतेम वर्ष उलटलेलं. तेव्हा या इमारतीतली बरीच भारतीय कुटुंबं बॅगा भरून काही आठवड्यांसाठी मायदेशी गेली होती. म्हाताऱ्या होशिनो-सान मात्र इथेच राहिल्या, अख्ख्या मजल्यावर एकट्या. आणि आज त्यांना काय दिसलं? तीन भारतीय, तीन बॅगा, एका मुलीच्या डोक्यावर भूकंपाची टोपी, आणि गॅस बंद करणारे आजोबा!

त्यांनी घाबऱ्या आवाजात काहीतरी विचारलं. आजोबांना जपानीतला एकच शब्द येत होता, 'हाय', म्हणजे 'हो'.

"हाय!" आजोबा हसून म्हणाले.

त्यांनी आणखी काही विचारलं.

"हाय, हाय!"

होशिनो-सान दिसेनाशा झाल्या. आतून कपाटं उघडल्याचे आवाज आले. आर्याने आजोबांची बाही ओढली, डोळे मोठे केले, टोपीकडे बोट दाखवलं.

"हो हो, छान दिसतेय टोपी. चल!"

खालच्या मजल्यावर नंदिनी भेटली. ती नागपूरची, जिभेने तेज आणि पायाने त्याहून तेज.

"अगं बाई, काका! बॅगा घेऊन कुठे?"

"देशाबाहेर!"

"सगळे?"

"सगळे! हे बघ, जड सामान घ्यायचं नाही. पासपोर्ट अंगाशी ठेवायचा. पाणी, सुका खाऊ, गरम कपडा. आणि निघायची वेळ झाली की मागे वळून बघायचं नाही!"

नंदिनीचा चेहरा भाकरीच्या पिठासारखा पांढरा झाला. "दिगंबर!" तिने घरातल्या नवऱ्याला हाक मारली. "दाढी राहू दे! काकांना काहीतरी कळलंय!"

पुढे काय झालं असेल? नंदिनीच्या एका फोनचे पाच झाले, पाचाचे पंचवीस. तिकडे होशिनो-सान मांजराची टोपली उचलून दारोदार घंटा वाजवत सुटल्या.

आजोबा मात्र रस्त्याने ऐटीत चालले होते. "आवाज ऐका चाकांचा! दणकट!"

"अहो," आजी म्हणाली, "चाकं फारच वाजतायत. मागे बघा जरा."

मागे मिरवणूक होती! आजोबा-आज्या, सायकलवरची मुलं, चांदीच्या रंगाच्या आणीबाणीच्या पिशव्या, हेल्मेटं. अर्धा गाल साबणाचा असलेला दिगंबर. सगळे रांगेत, कुणी कुणाला ढकलत नव्हतं.

"निरोप द्यायला आलेत!" आजोबांनी वळून सगळ्यांना हात हलवला. "किती लाघवी लोक!"

"बॅगा घेऊन?"

"पद्धत असेल इकडची!"

शाळेच्या मैदानाशी आजोबा दम खायला थांबले. सगळी मिरवणूक थांबली आणि मैदानात ओळीने बसली. संकटात जमायची जागा हीच होती ना! मग वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष हातात कर्णा घेऊन धावत आले, आजोबांपुढे वाकले आणि त्यांनी एक लांबलचक प्रश्न विचारला.

सगळ्या माना आजोबांकडे वळल्या.

आजोबांनी छाती पुढे काढली. "हाय!"

"आँ!" सगळ्या मैदानाने श्वास रोखला.

आर्याचे गाल फुग्यासारखे फुगले होते. सगळं तिला समजत होतं. बोलावं, तर होडी गेली, बेट गेलं, घंटाही गेली! तेवढ्यात होशिनो-सान तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. दोन्ही हातांनी त्यांनी टोपली छातीशी घट्ट धरली होती. त्यांनी अगदी हळू विचारलं, "आर्या-चान, मोठा भूकंप येणार आहे का?"

आर्याने आजोबांकडे पाहिलं. होशिनो-सानच्या हातांकडे पाहिलं. आणि तोंडातली गोळी फुटली! भडाभडा जपानी! गुहा, गोल पायांचे प्लग, होडी, आजोबा, तालीम, सगळं सांगून तिने कमरेत वाकून माफी मागितली. टोपी खाली पडली.

टोपलीतून "म्याँव" आलं. आणि अख्खं मैदान हसायला लागलं!

तेवढ्यात प्रणिता सायकलवरून आली. बास्केटमधून कांद्याची पात लोंबत होती. "बाबा! नंदिनीचे सात मिस्ड कॉल! काय केलंत तुम्ही?"

"नापास झालो," आजोबा पुटपुटले. "आर्याला रागावू नकोस. ती शहाणी, मीच..."

पण अध्यक्ष प्रणिताशी बोलू लागले होते, आणि बोलता बोलता आजोबांपुढे पुन्हा पुन्हा वाकत होते. प्रणिताचा चेहरा आधी लाल, मग गुलाबी झाला.

"ते म्हणतायत," तिने सांगितलं, "त्यांच्या भूकंपाच्या कवायतीला कधी चार माणसं येत नाहीत. आज अख्खी वस्ती सामानासकट आली, आणि रांगेत बसली. पुढच्या वेळीही सेन्सेईंनीच यावं, अशी विनंती आहे."

"सेन्सेई कोण?"

"तुम्ही! सेन्सेई म्हणजे गुरुजी. आणि होशिनो-सान म्हणतात, गेल्या वेळी सगळे न सांगताच गेले, पण या वेळी निघताना तुम्ही त्यांच्या दाराशी थांबलात." प्रणिताने मोठा सुस्कारा सोडला. "एवढी वस्ती सांभाळलीत, तर आम्ही चार जण काय जड आहोत? टूर कंपनीला नाही म्हणून कळवते."

आजोबांच्या अंगात वीज संचारली! "म्हटलं नव्हतं? पुढारी लागतो तो असा! चला मंडळी, बागेकडे, माझ्या मागे!" आणि ते ताडताड निघाले, बागेच्या बरोबर उलट दिशेला.

आर्याने हाक मारली नाही, चिडवलंही नाही. धावत जाऊन तिने त्यांच्या बॅगेचं हँडल धरलं आणि बॅग हळूच वळवली. आणि बॅगेमागोमाग आजोबाही वळले.