होतूदादांचा दारूगोळा

होतूदादा देवाची अगरबत्ती रस्त्यावर पेटवायचे. उंबऱ्याबाहेर उभं राहून ती आतल्या झुलेलालच्या फोटोकडे ओवाळायची, तोवर मागे शेअर रिक्षा हॉर्न मारून दमायच्या. घरात काडी ओढायला सक्त मनाई. गॅसची शेगडीसुद्धा अंगणात, पत्र्याखाली. का म्हणून विचारलं की आवाज खाली आणायचे. "साईं, बारूद का घर है! एक ठिणगी, आणि कॅम्प नंबर तीन गायब!"

आमचं उल्हासनगर मुळात इंग्रजांची छावणी. लढाई संपून सोल्जर गेले आणि फाळणीत सिंध सोडून आलेली माणसं त्यांच्या रिकाम्या बॅरेकींत राहायला लागली. होतूदादांची बॅरेक त्यातलीच एक. पण त्यांचं म्हणणं, बाकी बॅरेकी सोल्जरांच्या असतील, आपली बंदुकांची.

माझं जीन्सला काज-बटण करायचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. दुपारी लाइट गेली, मशिनी थांबल्या की मी त्यांच्याकडे जाऊन टेकायचो. जाड, गार भिंती. उंचावरच्या झरोक्यांतून उतरलेलं ऊन फरशीवर हळूहळू सरकत असायचं. होतूदादा हवेत बोट फिरवत सांगायचे, इथे रायफली, तिथे काडतुसांच्या पेट्या, अदीच्या पलंगाखाली हातबॉम्ब. अदी म्हणजे त्यांची थोरली बहीण, सिंधीत ताईला अदी म्हणतात. लग्न दोघांनीही केलं नाही. अदी त्या बॉम्बवर बसून निवांत भेंडी चिरत असायची. मला पेंग यायची, आणि अर्धवट झोपेत बंदुकीच्या तेलाचा वास यायला लागायचा. खोटं कशाला बोलू, तेवढ्यापुरतं मला ते सगळं खरंच वाटायचं.

बाहेर आलो की मात्र मी मस्करीला मोकळा. "दादा, मशीन अडकलीय, एखादा बॉम्ब द्या की!"

"मस्करी नाय साईं. सरकारी माल आहे."

मग आमच्या भागात एकेक बॅरेक पडायला लागली आणि टॉवर उठायला लागले. गल्लीतल्या सगळ्यांनी बिल्डरला सह्या दिल्या. होतूदादा हटून बसले. "कोठार कोण पाडतं? आतल्या मालाचं काय?" पण एक दिवस छपराचा मोठा तुकडा अदीच्या उशाशी पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने सही केली आणि दोघं खरवईला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, पाचव्या मजल्यावर.

पाडकाम बघायला ते आले होते. जेसीबीने फरशी उचलली आणि खालून निघाल्या सिमेंटच्या उतरत्या पन्हळी आणि कपडे आपटायचे दगड. रांगच्या रांग! अहो, कसलं कोठार, तिथे सोल्जरांच्या चड्ड्या धुतल्या जात होत्या. सगळी गल्ली पोट धरून हसली.

"मग?" होतूदादा म्हणाले. "बंदुका धुवायच्या नायत? तुम्ही काय मळक्या वापरता?" आणि रिक्षात बसून निघून गेले.

काही दिवसांनी अदीचा फोन आला. "बेटा, जरा येऊन जा."

गेलो. होतूदादा खुर्ची दाराकडे वळवून बसले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. अदीने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"होतू झोपत नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "सिंधमधून आलो तेव्हा हा एवढासा होता. तिकडे रात्री दार तोडून माणसं घुसली होती, ते यानं बघितलं. इथे आल्यावर डोळा लागला की किंचाळून उठायचा. मग बाबा म्हणाले, होतू, या घरात फौजेच्या बंदुका आहेत, इथे कोणाची घुसायची हिंमत नाय. तेव्हा झोपला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तर काय! घरात साबणाचा वास येत होता. ते दगड बाबांनी आणि मी मिळूनच तर मातीनं बुजवले. आता इथे रात्रभर दाराकडे बघत बसतो. ऐंशीला आला रे!" तिने पदराने डोळे पुसले.

बाहेर येऊन मी होतूदादांसमोर स्टूल ओढलं. "दादा, या जागेची हिस्टरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

त्यांनी दारावरची नजर काढली नाही.

"लढाईत कॅम्पात माल मावेना, तेव्हा तोफा इथे आणून ठेवल्या होत्या."

मान वळली. "तोफा? चाकवाल्या?"

"चाकवाल्या. खाली गेटपाशी."

"तोंड कुठे?"

"रस्त्याकडे."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "रस्त्याकडेच पायजे," म्हणाले. "पक्का ना, साईं?"

"पक्का."

ते उठले, पलंगावर आडवे झाले, आणि भर दुपारी तोंड उघडं टाकून घोरायला लागले. अदीने त्यांच्या अंगावर चादर घातली, दारापाशी जाऊन माझ्या चपला सरळ केल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"जा आता तू," ती म्हणाली. "मी पण जरा पडते."