खाट धरून ठेवली आहे

वीज मंडळातल्या टेकचंदची दिघोरीहून भंडाऱ्याजवळच्या शहापूरला बदली झाली, तेव्हा त्याच्या बायकोला, रुखमिणीला, नववा महिना लागला होता. बदली काही आपण मागून घेत नाही आणि नववा महिना काही कोणासाठी थांबत नाही. दोन्ही एकदमच दारात येऊन उभे राहिले. बाळंतपण माहेरी करावं, तर तिचं माहेर गोसीखुर्दच्या अंगाला, डोंग्यातून नदी ओलांडून पुढे बैलगाडीच्या वाटेवर. म्हणून तिची आई सुलोचनाबाई लुगडी बांधून लेकीकडेच राहायला आली. टेकचंदची आई गोदावरीबाई तिथे आधीपासून होतीच. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दोन विहिणी. पुढचं सांगायला नको, पण सांगतो.

भांडण दवाखान्याचं होतं.

"तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काय वाईट हाय?" गोदावरीबाई म्हणायच्या. "भंडाऱ्याले जायचं म्हणजे वैनगंगा आडवी. भरल्या पोटानं नदी ओलांडत नाई."

"मंग शहापूरले काय उडून जाईल ते?" सुलोचनाबाई विचारायच्या. "तेबी नदीपल्याडच हाय ना!"

"बाळंत होऊन मंग जाईल. नदी काय पळून जाऊन राहिली?"

"माही पोरगी भंडाऱ्यातच बाळंत होईल. तिथं डॉक्टरीणबाई हाय. नव्या घराहून जवळ हाय."

मग दोघी टेकचंदकडे बघायच्या. टेकचंद विजेच्या खांबावर सरसर चढणारा गडी, पण जिवंत तारेला हात लावायचा नाही हे त्याच्या अंगात भिनलेलं. घरातही त्याचं तेच धोरण होतं. आई एकटी गाठून विचारायची, "तालुक्यालेच नेऊ ना?" तो म्हणायचा, "हो." सासू चुलीपाशी विचारायची, "जावईबापू, भंडारा पक्का ना?" तो म्हणायचा, "हो, मामी."

रुखमिणीला कोणी विचारलं नाही. एकदा तिनं आपणहून सांगितलं, "अजी, मले कोणताबी दवाखाना चालते. फक्त तवा कोणी जवळ पायजे. मले लय भेव लागते."

"हो," टेकचंद म्हणाला.

दोन विहिणींचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. दवाखान्यात खाट मिळत नाही. कोणाची सून चटईवर बाळंत झाली, कोणाची भाची दोन खाटांच्या मधल्या फटीत, असल्या कहाण्या दोघींनाही तोंडपाठ होत्या. गोदावरीबाई तर जन्मभर एसटीच्या खिडकीतून पिशवी फेकून जागा धरत आलेल्या. खाटही तशीच धरावी लागते, अशी त्यांची खात्री होती.

सामान हलवायच्या दिवशी पहाटे रुखमिणीची कंबर दुखायला लागली. घर तर आजच रिकामं करायचं होतं, कारण नवा वायरमन परसराम बायकोपोरांसह आजच येणार होता. गोदावरीबाईंनी टेकचंदला विहिरीपाशी गाठलं.

"मी पयल्या एसटीनं तालुक्याले जाऊन खाट धरतो. तू सामानाच्या गाडीतच तिले घेऊन ये. तिची माय हाय तिच्यापाशी."

"हो," टेकचंद म्हणाला. बाळाची दुपटी, लंगोट, जुन्या लुगड्याच्या घड्या, सगळं गाठोडं घेऊन त्या गेल्या.

थोड्या वेळानं सुलोचनाबाई आल्या. "मी पुढं होऊन भंडाऱ्याले खाट धरतो. सासू हाय तिच्यापाशी. हो ना?"

आता खरं म्हणजे "सासू नाही" असं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण मग सासू कुठे गेली तेही सांगावं लागलं असतं, आणि तारेला हात लागला असता. टेकचंद म्हणाला, "हो, मामी." डिंकाचे लाडू आणि ओवा घेऊन त्याही गेल्या.

बाबुलाल ड्रायव्हरनं ट्रकमध्ये सामान भरलं. भांडी तळाशी, त्यावर गाद्या, त्यावर खाटा. एका माणसाच्या संसाराचं इतकं सामान बघून त्याचाही चेहरा उतरला. रुखमिणी केबिनमध्ये चढली आणि इकडेतिकडे बघून तिनं विचारलं, "माय कुठं हाय? अन् सासूबाई?"

"पुढं गेल्या," टेकचंद म्हणाला. हे त्यातल्या त्यात खरं होतं.

गावाबाहेर फाटा लागतो. उजवीकडचा रस्ता तालुक्याला, डावीकडचा भंडाऱ्याला. बाबुलालनं गाडी थांबवली.

"साहेब, कोणीकडं घेऊ?"

टेकचंदनं उजवीकडे बघितलं. तिकडे आई खाट धरून बसलेली. त्यानं डावीकडे बघितलं. तिकडे सासू खाट धरून बसलेली. कुठेही वळलं तरी दुसरी जन्मभर बोलणार नाही, आणि बोलली तर त्याहून वाईट. जगात आपल्याइतका अभागी माणूस नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

"सांगा ना," बाबुलाल म्हणाला. "माह्या गाडीले दोन तोंडं नाई."

"दोन मिनिटं थांब. विचार करून राहिलो."

"काहून विचार?" रुखमिणीनं दात आवळून विचारलं. तेव्हा त्याला सगळं सांगावं लागलं. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "म्हणजे दोन दवाखान्यांत दोन खाटा हायेत, अन् माह्यापाशी कोणीच नाई?"

"मी हाओ ना," टेकचंद म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो दाराकडे सरकला. मग कळ आली, तिनं बाबुलालचा खांदा धरला आणि ओरडली, "गाडी वापस फिरवा! घरी!"

बाबुलालनं साहेबाला विचारलंच नाही. गाडी फिरवली.

क्वार्टरपाशी परसरामची बैलगाडी उभी होती. दारात त्याची बायको मंगलाबाई झाडू घेऊन उभी होती आणि तिच्या मागे पाच पोरं. टेकचंद हात जोडून म्हणाला, "वहिनी, हे घर तुमचं झालं, मले कबूल हाय, पण..."

मंगलाबाईनं ट्रकमध्ये एकदा बघितलं आणि झाडू टाकला. "आणा तिले आत. घर कोणाचं, ते मंग पाहू. ओ, बाहेर व्हा तुम्ही!" हे नवऱ्याला होतं. तिनं आपलीच खाट पसरली, आपल्याच पातेल्यात पाणी ठेवलं, थोरल्या पोरीला सुईण मालनबाईकडे पळवलं, आणि आपण रुखमिणीचा हात धरून बसली. दुपार टळायच्या आत पोरगी झाली. बाळ रडलं तेव्हा बाहेर पायरीवर टेकचंदही रडला, आणि परसरामनं, ओळख नसताना, त्याला आपला पंचा दिला.

तिकडे तालुक्याला गोदावरीबाईंनी रिकाम्या खाटेवर आधी पिशवी टाकली. नर्सनं पिशवी उचलून खाली ठेवली. मग त्या स्वतःच आडव्या झाल्या. "काय होते आजी?" विचारल्यावर कण्हणं भाग होतं. त्या इतक्या मन लावून कण्हल्या की त्यांना सुई टोचण्यात आली. भंडाऱ्याला सुलोचनाबाई "आता येईल माही पोरगी" म्हणत रस्त्याकडे डोळे लावून बसल्या. दुपारी दोघींच्याही मनात एकच विचार आला, की विहिणीनं पोरगी पळवली. गोदावरीबाई लंगडत भंडाऱ्याला निघाल्या आणि सुलोचनाबाई तालुक्याला. दोघींच्या एसट्या वाटेत कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेल्या. म्हणजे नदी नको म्हणणाऱ्या गोदावरीबाईंनीच त्या दिवशी वैनगंगा ओलांडली, आणि परत येताना पुन्हा एकदा. पोरगी कुठेच सापडली नाही, तेव्हा दिघोरीची गाडी दोघींना तालुक्याच्या स्टँडवर एकदमच मिळाली. गोदावरीबाईंनी पिशवी फेकून जागा धरली, तीही विहिणीच्याच शेजारी. उतरेपर्यंत दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या.

दिवेलागणीला दोघी दारात आल्या. परक्या खाटेवर रुखमिणी पडली होती, कुशीत पोरगी.

"अवो माय! अन् मी तिथं खाट धरून बसली ना!" गोदावरीबाई म्हणाल्या.

"मीबी धरून बसली होती," सुलोचनाबाई म्हणाल्या. "चांगली, खिडकीजवळची."

रुखमिणीनं दोघींकडे बघितलं. बाळ होईपर्यंत ती मंगलाबाईचा हात धरून होती; त्या हातावर तिच्या नखांचे व्रण अजून दिसत होते. "सकाळपासून खाट धरून बसल्या ना दोघी," ती म्हणाली. "आता हिले धरा. मले झोपू द्या."

दोघींनी एकदमच हात पुढे केले. मग दोघी टेकचंदकडे वळल्या. "सांग, पयले कोण घेईल?"

टेकचंदच्या तोंडात "हो" आलं होतं, पण या प्रश्नाला ते चालत नव्हतं. त्यानं रुखमिणीकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते.

"पयले मी," तो म्हणाला.

दोघी इतक्या चकित झाल्या की बाजूला सरल्या. त्यानं वाकून पोरीला उचललं.

"अरे, मान धर तिची!" आई ओरडली.

"जावईबापू, पाय धरा पयले!" सासू ओरडली.

"हो," टेकचंद म्हणाला. "हो, मामी."