खालची ऊब खालीच

ऐन थंडीत सासूबाई राहायला आल्या आणि दुसऱ्याच सकाळी शालीतून तोंड बाहेर काढून म्हणाल्या, "जावईबापू, खोली छान आहे हो. पण मी आपली धाकटीकडे जाते. तिच्याकडे उबदार असतं."

झालं! म्हणजे धाकटीचा नवरा आता जन्मभर मिशीतल्या मिशीत हसणार. जावईबापूंनी तिथल्या तिथे ठरवलं की खोलीवरच्या माळ्यावर इन्सुलेशन घालायचं आणि खालची ऊब खालीच कोंडायची. सासूबाईंनी मोठ्या मनाने शनिवारपर्यंत मुदत दिली.

कंत्राटदाराने मात्र माळा बघूनच मान हलवली. "कशाला हा उपद्व्याप, साहेब? आजींना एक जाड स्वेटर आणा."

"स्वेटर घालूनच कुडकुडताहेत त्या. माळाच करायचा!"

"बरं, करू," तो म्हणाला. (इतक्या लवकर 'बरं' म्हणणाऱ्या माणसाचा संशय यायला हवा होता, पण जावईबापूंना तो कधीच वेळेवर येत नाही.) इन्सुलेशनचे रोल माळ्यावर टाकून तो विसरलेला टेप आणायला गेला, तो गेलाच. पुढच्या खेपेला कात्री विसरला. टेप आणि कात्री घेऊन जावईबापू दारातच उभे राहिले, तर पठ्ठ्या जेवणाचा डबा विसरून आलेला!

शनिवारी जावईबापू हट्टालाच पेटले. टेप, कात्री, पाणी, दोघांचे डबे असं सगळं माळ्यावर चढवलं, कंत्राटदाराला पुढे घातलं आणि बायकोला बजावलं, "झाकणाला खालून कडी घाल आणि शिडी काढून घे. काम झाल्याशिवाय लावायची नाही. हा माणूस गोडबोल्या आहे, मलाही फितवेल. मी स्वतः सांगितलं तरी लावू नकोस!"

"नक्की ना?"

"अगदी नक्की!"

पळवाट बंद झाल्यावर कंत्राटदाराने असं काही काम केलं की जावईबापूंना त्याला मिठी मारावीशी वाटली. कोपरा न कोपरा भरला, फटी बुजवल्या, माळ्याच्या झाकणालासुद्धा जाड थर चिकटवला. संध्याकाळपर्यंत काम फत्ते!

दोघांनी झाकण ठोठावलं, हाका मारल्या. खालून हूं नाही की चूं नाही.

"आवाजही अडतो बरं का याने," कंत्राटदार अभिमानाने म्हणाला. त्याचे दात वाजत होते. ऊब सगळी खाली अडली होती आणि माळ्याचा पार बर्फ झाला होता.

जावईबापूंनी बायकोला फोन लावला. "अगं, काम झालं. शिडी लाव."

"तुम्ही असं म्हणाल, हे तुम्हीच सांगून ठेवलंय."

"अगं, खरंच झालंय! हवं तर आईंना विचार."

फोनवर सासूबाईंचा प्रसन्न आवाज आला, "जिंकलात हो जावईबापू! शालसुद्धा काढून ठेवली मी. आता कुठ्ठे जात नाही."

जावईबापूंचा ऊर भरून आला. "मग आई, तेवढी शिडी लावायला सांगा ना."

"सांगते की! पण आत्ता नको. झाकण उघडलं तर सगळी ऊब वर निघून जाईल. सकाळी ऊन पडलं की उतरा सावकाश."