खासनीसांची उघडी क्वेरी

खासनीसांना जेवायला बोलवायचं असेल तर आम्ही नवरा-बायको आधी आपसात वेळ ठरवून घेतो. एकदा मी तोंडी साडेसात सांगितलं आणि बायकोनं मेसेजमध्ये आठ लिहिलं. गृहस्थ पावणेआठला दारात. "दोन कागदांत विसंगती आहे. वरचा कागद कुठला ते आधी सांगा."

"माझा," बायको म्हणाली.

"मग पंधरा मिनिटं थांबतो." आणि थांबले. दाराबाहेर, कतारच्या ऑगस्टमध्ये.

रास लफानच्या आमच्या प्रकल्पावर खासनीस कंत्राटं सांभाळतात. दोन कागदांचं जमेना की कुठला वरचा धरायचा, हे कंत्राटात लिहिलेलं असतं. नसलं की खासनीस नंबर टाकून क्वेरी, म्हणजे लेखी शंका, काढतात, आणि क्वेरी उघडी असेपर्यंत काम तसूभर पुढे सरकत नाही. ही विद्या माणसानं ऑफिसात ठेवून यावी. पण मुऐदर भागातल्या आमच्या व्हिलात खालच्या मजल्यावर ते एकटेच राहतात. वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी मुक्ता हॉलंडला. कंपनीच्या बसमध्ये शेजारची सीट माझी, त्यामुळे विद्यार्थीही मीच.

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला तसे इथले रस्ते रोज नव्या दिशेला वळायला लागले आणि खासनीसांचं डोकंही. "स्पर्धा भरवणाऱ्यांचा नियम एक सांगतो, इथला कायदा दुसरं. वरचा कोण?" त्यांनी बसच्या ड्रायव्हरलाही विचारलं. "यल्ला साब, चलो, बैठ जाओ," तो म्हणाला. मला ते उत्तर पुरेसं वाटलं.

त्यातच मुक्तानं कळवलं की तिला तिथलं नागरिकत्व मिळतंय. ते घेतलं की आपला पासपोर्ट परत करायचा. "बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच घेईन," ती म्हणाली. हातात एक महिना होता. खासनीस हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी क्वेरी नंबर एक पाठवली: तू कायदा कुणाचा पाळणार, हॉलंडचा की युरोपचा?

मग बसमध्ये माझे हाल सुरू झाले. "युरोपचं कोर्ट म्हणतं मी वरचं. देशोदेशीच्या संसदा म्हणतात, आम्हाला लोकांनी निवडून दिलंय, आम्ही वरच्या. एक देश तर याच भांडणापायी घर सोडून गेला. आणि हॉलंडवाले? त्यांनी आपल्याच घटनेत लिहून ठेवलंय की बाहेरच्यांशी केलेला करार घरच्या कायद्याच्या वर!"

"मग मिटलं की," मी म्हणालो.

"कसं मिटलं? ती घटना बदलायची ताकद कुणाची? संसदेची. मग वरचं कोण?"

बस रास लफानला पोचायच्या आधीच मला डोकेदुखी झाली होती. संसद वरची असेल तर तिनं स्वतःला खाली का बसवलं, आणि खाली बसलेल्याला उठता येत असेल तर तो खाली बसलाय असं म्हणायचं का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मुदतीला तीन दिवस उरले, त्या शुक्रवारी मी खाली गेलो, जरा तावातच. ते टेबलाशी बसून क्वेरी नंबर एकोणीस लिहीत होते.

"खासनीस, पोरीला का टांगून ठेवलंय?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आधी ती पंधरा दिवसांनी फोन करायची," ते म्हणाले. "आता रोज करते. उत्तरं शोधून आणते, चिडते, हसते. परवा सव्वा तास बोललो. क्वेरी बंद झाली की..."

मला माझीच लाज वाटली. महिनाभर मी कायदा ऐकत होतो.

तेवढ्यात फोन वाजला. "बोला बाबा, आज काय?"

खासनीसांनी समोरचा कागद उलटा केला. "काही नाही गं. सगळं बसतंय. सही करून टाक."

"आणि संसद?"

"ती बघेल तिचं. तू जेवलीस का?"

दोन मिनिटांत फोन संपला. त्यांनी चष्मा पुसला, घातला, परत काढून पुसला.

"उद्या संध्याकाळी आहात का घरी?" त्यांनी विचारलं. "जर्मनीच्या कोर्टाचं म्हणणं सांगायचं राहिलंय."

जर्मनीच्या कोर्टाशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं.

"आहे," मी म्हणालो. "पण सावकाश सांगा. मला एका दिवसात कळायचं नाही."